गुन्ह्यांचा आकडा आणि गल्लीची झोप

मी भिवंडीत राहतो. कविसंमेलनाच्या निमित्तानं महाराष्ट्रात कुठंही गेलो आणि गाव सांगितलं, की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. मग आवाज थोडा खाली आणून विचारतो, "तिकडं राहणं सुरक्षित आहे का हो?" विचारणारा वाईट मनाचा नसतो. बऱ्याचदा मला जेवायला घरी घेऊन जाणारा तोच असतो. पण या प्रश्नाला 'आहे' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. 'सुरक्षित' म्हणजे काय आणि ते मोजायचं कशानं, हे आधी ठरवावं लागतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे. मी पोलीस नाही, वकील नाही, संख्याशास्त्र तर कधी शिकलोच नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस आहे. पण वस्तीत राहणाऱ्याला वस्तीचा हिशेब कळायला हवा, म्हणून गेली काही वर्षं हे अहवाल, कायदे वाचत आलो.

सुरुवात आकड्यापासून करू, कारण वर्तमानपत्रात मोठ्या टायपात तोच येतो. आपल्या देशात 'क्राइम इन इंडिया' हा गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि पुढं हे काम त्याच्याकडं गेलं. प्रत्येक पोलीस ठाण्यातली नोंद जिल्ह्याला, जिल्ह्याची राज्याला आणि राज्याची दिल्लीला, अशी ही नदी वाहत जाते. शेवटी 'गुन्ह्यांचा दर' निघतो. दर म्हणजे वर्षभरात नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. म्हणजे लाख माणसांमागं किती गुन्हे. हिशेब सोपा आहे, चौथीतलं पोरही करील. खरी गोम आहे ती वरच्या आणि खालच्या आकड्यात.

खालचा आकडा आधी घेऊ. समजा, एका ठाण्याच्या हद्दीत वीस हजार लोक राहतात आणि वर्षात तीस गुन्हे नोंदले गेले. दर झाला लाखामागं दीडशे. शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत आठ हजारच लोक राहतात, पण तिथं एसटी स्टँड आहे, बाजार आहे. तिथंही तीसच गुन्हे झाले. दर निघाला पावणेचारशे. कागदावर दुसरी वस्ती अडीच पट भयंकर. प्रत्यक्षात तिथं रोज बाहेरून हजारो माणसं येतात, त्यांचे खिसे कापले जातात आणि संध्याकाळी ती माणसं आपापल्या गावी निघून जातात. त्यांची गणती लोकसंख्येत नसते, पण त्यांच्या चोऱ्या मात्र वस्तीच्या खात्यावर चढतात. त्यात आपल्याकडं २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही. महानगरांचे दर काढताना २०२२ च्या अहवालातही २०११ चीच लोकसंख्या धरलेली आहे. दरम्यानच्या काळात किती माणसं आली, किती इमारती उठल्या, हे तुम्ही आपापल्या खिडकीतून पाहिलंच आहे.

छोट्या आकड्यांची आणखी एक गंमत असते. एखाद्या कॉलनीत गेल्या वर्षी दोन घरफोड्या झाल्या आणि यंदा चार. बातमी येते, 'घरफोड्यांत शंभर टक्क्यांनी वाढ'. बातमी खोटी नसते. पण ती वाचून त्या कॉलनीतला माणूस रात्री तीनदा उठून कडी तपासतो, आणि ज्या कॉलनीत गेल्या वर्षी चाळीस झाल्या नि यंदाही चाळीसच, तिथं मात्र 'वाढ नाही' म्हणून लोक निवांत झोपतात.

आता वरचा आकडा. इथं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

२०२० हे वर्ष आठवा. टाळेबंदी होती, रस्ते ओस पडले होते, सगळे घरात बसून होते. घरातच माणसं असल्यावर घरफोडी करणार कोण? चोऱ्या, घरफोड्या त्या वर्षी कमीच झाल्या. आणि तरीही देशातले नोंदलेले दखलपात्र गुन्हे २०१९ च्या तुलनेत २८ टक्क्यांनी वाढले. लाखामागचा दर ३८५ वरून ४८७ वर गेला. हे कसं? तर सरकारी आदेश मोडल्याबद्दलचं भारतीय दंडविधानातलं १८८ कलम. २०१९ मध्ये त्याखालचे गुन्हे देशभरात तीस हजारांच्या आत होते. २०२० मध्ये ते सहा लाखांवर गेले. तोंडाला मास्क नाही, विनाकारण बाहेर फिरला, दुकान उघडं ठेवलं, असे हे गुन्हे. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, काय भयंकर वर्ष! आणि ते भयंकर होतंच, पण चोरांमुळं नव्हे.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. अहवालात असतात ते नोंदलेले गुन्हे. घडलेले गुन्हे ही वेगळी गोष्ट आहे. खुद्द गुन्हे नोंद विभागच आपल्या अहवालात बजावतो, की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं यांत गल्लत करू नका. केरळचा दर देशात वरच्या रांगेत दिसतो. त्याचं मोठं कारण असं, की तिथला माणूस ठाण्याची पायरी चढायला कचरत नाही आणि तिथं नोंद होते. जिथं नोंद होत नाही, ती राज्यं कागदावर स्वर्गासारखी दिसतात. शिवाय मोजण्याची एक पद्धतही आहे. एकाच फिर्यादीत अनेक कलमं असली, तर त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतात. घरफोडी करताना चोरानं खून केला, तर तो खुनात जमा होतो, घरफोडीत नाही.

नोंद का होत नाही, याचं एक घरचं उदाहरण सांगतो. माझ्या भाच्याचा मोबाईल एका शहरात बसमध्ये चढताना हातातून हिसकावला गेला. पोरगा एका ठाण्यात गेला. कुठल्या, ते सोडून द्या. ठाणे अंमलदार बोलायला चांगला होता. म्हणाला, "बाळा, चोरी कशाला लिहितोस? गहाळ लिही. दाखला लगेच मिळेल, नवीन सिम संध्याकाळपर्यंत चालू होईल. चोरी लिहिलीस तर पंचनामा, जबाब, कोर्ट." भाच्यानं गहाळ लिहून दिलं. सिम मिळालं, तो खूश. घरी येऊन त्यानं मला ते सांगितलं, तेव्हा मी त्या एका शब्दाशीच अडून बसलो. शब्दांचाच धंदा आमचा, काय करणार!

'चोरी' म्हटलं, की त्यात चोर आलाच. कुणीतरी काहीतरी केलं. 'गहाळ' या शब्दाला कर्ता नाही. वस्तू आपली आपणच गहाळ होते, आणि थोडासा ठपका उलट मालकावरच येतो, की याला सांभाळता आली नाही. एका शब्दाच्या बदलानं गुन्हा गेला, गुन्हेगार गेला, तपास गेला आणि त्या वस्तीच्या आकड्यातून एक नग कमी झाला. त्या बसथांब्यावर महिनाभरात असे वीस मोबाईल 'गहाळ' झाले, तर कागद सांगतो की तिथं काही घडलंच नाही. मग तिथं गस्त वाढवायची कशाला? एकविसाव्या माणसाला कुणी सावध करायचं?

पण सगळा दोष त्या अंमलदाराच्या माथी मारणं मला बरं वाटत नाही. त्याच्या साहेबांची महिन्याला गुन्ह्यांची आढावा बैठक असते. तिथं गेल्या वर्षीचा हाच महिना आणि यंदाचा, असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवतात. आकडा वाढला, की उत्तर द्यावं लागतं. उघडकीस न आलेल्या चोऱ्या वाढल्या, की आणखी उत्तर द्यावं लागतं. विधानसभेत प्रश्न येतो, वर्तमानपत्रात मथळा येतो. म्हणजे प्रामाणिकपणे नोंद करणाराच बैठकीत मान खाली घालून बसणार, असा हा मामला आहे. आपण वाचकही त्यात सामील असतो, कारण कमी आकडा पाहिला की आपण शाबासकी देतो.

कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निकाल दिला, की मिळालेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं घेतली. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नकार दिला, तर मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांकडं टपालानं पाठवायचा आणि तरीही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं जायचं. आमच्या गल्लीतल्या पोरांना मी हे एवढं तोंडपाठ करायला लावलं आहे. पाढ्यांपेक्षा लवकर पाठ झालं.

नव्या कायद्यानं आणखी एक बदल केला आहे आणि त्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. पूर्वी चोरी किती रुपयांची, याला महत्त्व नव्हतं. चोरी म्हणजे दखलपात्र गुन्हा. आता पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र झाली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. दुसरीकडं हातातून हिसकावून नेणं हा ३०४ व्या कलमाखाली नव्यानं स्वतंत्र गुन्हा झाला आहे. यामागचा विचार चूक की बरोबर, यात मी पडत नाही. पण २०२३ च्या चोऱ्यांचा आकडा २०२५ च्या शेजारी ठेवून कुणी 'चोऱ्या घटल्या' म्हणालं, तर थोडं थांबा. आणि हेही पाहा, की पाच हजारांची मर्यादा ही गरीब वस्तीला वेगळी लागते. बांधकामावरच्या बाईचा साडेतीन हजारांचा मोबाईल गेला तर तिचं महिन्याचं गणित कोसळतं, पण कायद्याच्या लेखी ती किरकोळ बाब.

असो. आकड्यांवर बरंच बोललो. आता नावाबद्दल.

पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत आमची वस्ती 'संवेदनशील' आहे. सणवार आले, मिरवणूक निघाली, की 'संवेदनशील भागात कडक बंदोबस्त' अशी बातमी ठरलेली. माझ्या पहिल्या संग्रहाचं परीक्षण करणाऱ्यानं मला 'संवेदनशील कवी' म्हटलं, तेव्हा वडिलांनी भीतभीत विचारलं होतं, "का रे, पोलीस येणार का?" विनोद सोडा, पण असं नाव एकदा चिकटलं की त्याची किंमत मोजावी लागते. रात्री नऊनंतर रिक्षावाला नाक्यावरच थांबतो. पार्सल घेऊन येणारा पोरगा फोन करून म्हणतो, "काका, तुम्हीच बाहेर या." मुलीचं स्थळ आलं, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न वस्तीबद्दल असतो, मुलगी काय शिकली तो नंतर. आणि ही फक्त आमची कुरकुर नाही. २००६ मध्ये आलेल्या न्यायमूर्ती सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे अनेक भाग 'निगेटिव्ह' ठरवून ठेवले होते आणि तिथं कर्ज सहजासहजी मिळत नव्हतं. कर्ज नाही तर दुकान नाही. दुकान नाही तर पोरं नाक्यावर रिकामी. आणि नाक्यावर रिकामी पोरं दिसली, की पुन्हा वस्ती संवेदनशील. चाक असं फिरत राहतं.

भीती आणि धोका यांची जागा नेहमी एक नसते. खुनाचंच पाहा. हा आकडा लपवायला सर्वांत कठीण, कारण प्रेत लपत नाही. २०२२ मध्ये देशात २८ हजार ५२२ खून नोंदले गेले, लाखामागं दोनहून थोडे जास्त. त्यांची कारणं पाहिली, तर पहिल्या क्रमांकावर 'वाद' आहेत, जवळपास दहा हजार. त्याखाली वैयक्तिक वैर. चोरी-लुटीच्या लोभातून झालेले खून दोन हजारांच्या आत. म्हणजे अंधारातून सुरा घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा बांधावरच्या, नळावरच्या, वाटणीवरच्या भांडणाची भीती आपण जास्त बाळगायला हवी. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. आणि स्त्रियांवरच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा कुणाचा? नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा. २०२२ मध्ये तो ३१ टक्क्यांच्या वर होता.

तेही नोंदलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना घरी एकट्यानं विचारतात, ठाण्यात नव्हे. २०१९ ते २०२१ च्या फेरीत लग्न झालेल्या दर दहातल्या जवळपास तीन बायकांनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आणि अत्याचार सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक बायकांनी ना कुणाकडं मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. आता मला सांगा, ज्या गल्लीत वर्षभर एक चोरी झाली नाही, पण चार दारांआड बाई मार खाते, ती गल्ली सुरक्षित म्हणायची का? आमच्याकडं एक खाला होत्या. शेजारच्या घरात आवाज चढला, की त्या आपल्या ओट्यावरून मोठ्यानं खाकरायच्या. मग साखर मागायला म्हणून त्या दारात उभ्या राहायच्या. एवढंच. दार उघडावं लागायचं, हात खाली यायचा. खाला गेल्या आणि त्यांच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. इमारतीला कॅमेरे आहेत, पण ते जिन्यावर आहेत. दाराआडचं त्यांना काय दिसणार?

जेन जेकब्ज नावाच्या अमेरिकन लेखिकेनं १९६१ साली मोठ्या शहरांच्या जगण्या-मरण्यावर एक पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं, की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तिथं असणाऱ्या डोळ्यांमुळं. दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी, येणारे-जाणारे. हे डोळे असावेत म्हणून रस्त्याला दिवसभर काहीतरी काम असावं लागतं. न्यूयॉर्कबद्दल ती बोलत होती, पण आम्हा भिवंडीकरांना ते वेगळं शिकवावं लागत नाही. इथं यंत्रमाग दोन पाळ्यांत चालतात. रात्री दोन वाजता चहाची टपरी उघडी, खाणावळीत ताटं वाजतात, बिहारचा, उत्तर प्रदेशचा, तेलंगणचा कामगार पाळी संपवून चालला आहे. पहाटे फज्रच्या नमाजाला माणसं बाहेर पडतात, तोवर दूधवाला येतो, मग पेपरवाला. आमची गल्ली पूर्ण झोपतच नाही. बाहेरच्या पाहुण्याला मागांच्या खडखडाटात झोप येत नाही. आम्हाला खडखडाट थांबला की जाग येते. मंदीत माग बंद पडतात तेव्हा टपरी लवकर मिटते, रस्ता सुना होतो आणि बायका पाळीवरून घोळक्यानं परतायला लागतात. मागाचा आणि सुरक्षिततेचा हा संबंध कुठल्याच अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

आता भिवंडीचं नाव ज्यामुळं गेलं, त्याकडं येतो. १९७० साली इथं दंगल झाली. मे १९८४ मध्ये पुन्हा झाली. तेव्हा मी शाळेत होतो. काय पाहिलं, ते आज सांगत नाही. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथं आले. त्यांनी पाहिलं, की दंगल आभाळातून पडत नाही. ती नळावरच्या भांडणातून, छेडछाडीतून, अफवेतून, दोन पोरांच्या मारामारीतून वाढत जाते. आणि त्या भांडणाची खबर पोलिसांपर्यंत पोचायला वाटच नसते. त्यांनी शहरात सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून साधी माणसं घेतली. शिक्षक, दुकानदार, मागवाला, बायका, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांच्यासोबत ठाण्याचा माणूस. बैठकीत बोलायचं काय, तर गटार तुंबलं, अमक्यानं भिंत सरकवली, तमक्याचा पोरगा रात्री आरडाओरडा करतो. ऐकायला क्षुल्लक. पण भांडण क्षुल्लक असतानाच मिटतं, मोठं झाल्यावर ते फक्त चिरडता येतं.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार तिथं ९०० माणसं मेली. भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांनी सर्वांत आधी वाईट भाकीत केलं असतं, ती शांत राहिली. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो. आमच्या नाक्यावर रात्रभर खुर्च्या टाकलेल्या असायच्या. एका खुर्चीवर हवालदार, दुसरीवर किराणा दुकानदार, तिसरीवर आमच्या मशिदीचे मुतवल्ली. अफवा आली, की तिथल्या तिथं विचारपूस व्हायची, "कुणी पाहिलं? कुठं पाहिलं? चल दाखव." बहुतेक अफवा 'चल दाखव' म्हटल्यावर पळून जायच्या. पुढं १९९४ मध्ये मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्यासारख्यांच्या पुढाकारानं मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. खेड्यांसाठी २००७ मध्ये राज्य सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली. कल्पनेचं मूळ तेच, भांडण लहान असताना गाठा.

पण गोष्ट इथं थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. ५ जुलै २००६ रोजी याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तणाव पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मेले आणि जमावानं दोन पोलीस शिपायांना ठार केलं. सुरक्षेसाठी बांधायच्या इमारतीवरूनच चार घरांत मातम. समित्या एकदा उभ्या केल्या म्हणून कायमच्या उभ्या राहतात, असं नाही. अधिकारी बदलतो, नवा अधिकारी समितीत पुढाऱ्यांची वर्णी लावतो, बैठक सणाच्या आदल्या दिवशी चहा-बिस्किटापुरती उरते. छायाचित्र मात्र छान येतं.

सध्या आमच्या गल्लीत आम्ही एक साधी वही ठेवली आहे. समितीबिमिती नाव नाही, ती चहाच्या टपरीवर असते. त्यात तीन गोष्टी लिहायच्या. काय चोरीला गेलं आणि ठाण्यात ते कुठल्या शब्दात लिहिलं गेलं. कुठल्या कोपऱ्यात बायकांना जायला भीती वाटते. आणि कुठल्या खांबावरचा दिवा बंद आहे. दुसऱ्या रकान्यात सुरुवातीला कुणीच लिहीना, कारण वही पुरुषांच्या टपरीवर. मग माझ्या बायकोनं दुसरी वही शिवणवर्गात ठेवली, ती आठवड्यात अर्धी भरली. तिच्यातून कळलं, की आम्ही पुरुष ज्या गल्लीला भितो तिथं बायका बिनधास्त जातात, आणि आम्हाला सभ्य वाटणाऱ्या एका दवाखान्यामागच्या बोळातून एकही बाई संध्याकाळनंतर जात नाही. बीट हवालदाराला ती दोन पानं दाखवली. त्यानं त्या बोळातून गस्त सुरू केली, आणि दीड महिन्यात त्याची बदली झाली. नव्या हवालदाराला तीच पानं पुन्हा दाखवली आहेत. बोळात आणि गल्लीत मिळून दिव्याचे खांब अकरा. नगरसेवक, वॉर्ड ऑफिस, पुन्हा वॉर्ड ऑफिस, असं करत सात दिवे लागले. चारांचा अर्ज या सोमवारी देणार आहोत.